नि-अकरा

नि-अकरा या माणसाला मी कितीतरी वर्षं पाण्यात पाहिलं. त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं, तोंड पाहिलेलं नव्हतं, आवाजही ऐकलेला नव्हता. तो माझ्या आलेखावरचा एक ठिपका होता, आणि त्या ठिपक्यानं माझ्या पीएचडीचं मातेरं केलं होतं.

आधी ते काम काय होतं ते सांगते. कोल्हापूरच्या विद्यापीठात माणगावे सर माझे गाइड होते आणि मी माणसाच्या बोलण्यावर संशोधन करत होते. बोलताना एखाद्या वस्तूचं नाव आठवायला मेंदूला वेळ लागतो, पण इतका थोडा की आपल्याला तो जाणवतही नाही. साखरेचा डबा नेहमीच्या फळीवर असला की हात न बघता तिथं जातो. कुणी डबा हलवला की हात क्षणभर चाचपडतो. माणसाचे शब्द हळूहळू पुसून टाकणारा एक आजार आहे. त्यात आधी नावं जातात, वस्तूंची आणि माणसांची. पण ती जाण्याच्या बऱ्याच वर्षं आधीपासून मेंदू असा चाचपडायला लागलेला असतो. माणूस तेव्हा फडाफडा बोलत असतो, घरच्यांना काही कळत नाही आणि स्कॅनमध्येही काही दिसत नाही. फक्त नावाच्या आधीचा श्वास किंचित लांबतो, आवाज किंचित सपाट होतो. तो बदल मोजायची रीत मी बसवत होते. मी इचलकरंजीची, मागांच्या खडखडाटात वाढलेली. धागा तुटायच्या आधी मागाचा आवाज बदलतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मला तेवढंच माणसाच्या बाबतीत करायचं होतं.

सरांची शिस्त कडक. रेकॉर्डिंग ते स्वतः करत. प्रत्येकापुढे आठवडी बाजाराचं एकच चित्र ठेवायचं आणि काय दिसतंय ते सांगायला सांगायचं. शेवटी एकच प्रश्न, "समोर कोण बसलंय?" मधे बोलणारा कितीही अडखळला तरी त्याला शब्द सुचवायचा नाही. "तो थांबा म्हणजेच आपला डेटा," सर म्हणत. मग ते माझ्या हातात नुसते आकडे ठेवत. रुग्णांना 'रु' आणि क्रमांक, निरोगी माणसांना 'नि' आणि क्रमांक. नावं मला कधीच सांगितली नाहीत. नाव कळलं की आकड्यांचे लाड होतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

रुग्ण इस्पितळातून मिळत. निरोगी माणसं मिळवणं मात्र महाकर्मकठीण. धडधाकट माणूस बाजाराचं चित्र वर्णन करायला कशाला येतोय? मग सगळ्या प्रयोगशाळांत होतं तेच आमच्याकडे व्हायचं. ग्रंथपाल, कँटीनचे मामा, कुणाची तरी सासू, जो हाताला लागेल त्याला 'निरोगी' म्हणून बसवायचं. वरवर ठणठणीत दिसला की पुरे.

आलेख निघाला तेव्हा मी हरखून गेले. रुग्णांचे ठिपके एका बाजूला, निरोग्यांचे दुसऱ्या बाजूला, मधे मोकळं रान. आणि तिथंच माशी शिंकली. एक निरोगी ठिपका थेट रुग्णांच्या घोळक्यात जाऊन बसला होता.

"सर, हा नि-अकरा काढू या," मी म्हणाले. "पेंगत असेल रेकॉर्डिंगच्या वेळी. नाहीतर सर्दी झाली असेल."

सरांनी आलेख हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"ठिपका राहणार," ते म्हणाले.

"एकच तर आहे, सर."

"एकच आहे म्हणून राहणार. आज एक काढशील, उद्या दोन काढशील, परवा तुला काढायची सवय लागंल."

"मग तो कोण ते तरी सांगा. पुन्हा तपासू त्याला."

"नाव सांगायचं नसतंय, कोष्टी," सर म्हणाले आणि आलेख उलटा करून टेबलावर ठेवला.

पेपर परत आला. निरोगी माणसाला आजारी ठरवणारी रीत काय कामाची, असं परीक्षकांनी लिहिलं होतं, आणि त्यांचंही बरोबरच होतं. दुसरीकडे पाठवला, तिथूनही आला. पदवी मिळाली, पेढे वाटले, आईनं दारावर 'डॉ. समृद्धी कोष्टी' अशी पाटी लावली. पण पेपर नसलेल्या डॉक्टरला परदेशी कुणी विचारेना आणि इथं कायमची जागा निघेना. दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवून मी वैतागले. तेव्हा पुण्याच्या एका कंपनीनं बोलावलं, आणि मी जायचं ठरवलं.

निरोप घ्यायला गेले तर सर म्हणाले, "जा की. तिथं ठिपके काढायला माणसं ठेवलेली असत्यात."

ते मला फार लागलं. मी म्हणाले, "तुमच्या त्या एका ठिपक्यापायी माझं आयुष्य अडलं, सर. मी चुकले नव्हते, हे तुम्हालाही माहीत आहे."

त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी ते अहंकाराच्या खाती टाकलं आणि निघाले. त्यानंतर मी फोन केला नाही, गुरुपौर्णिमेलासुद्धा नाही.

कंपनीत कुणी कुणाला सर म्हणत नसे. माझा वरिष्ठ ऋग्वेद साने पहिल्याच दिवशी म्हणाला, "मला नुसतं ऋग्वेद म्हण. आणि ते आजार वगैरे विसर."

"माझं सगळं कामच आजारावर आहे."

"तुझं काम थांब्यावर आहे," तो म्हणाला. "आजार ओळखणारं यंत्र म्हटलं की परवानग्या, चाचण्या, अर्धं आयुष्य जातं. सोय म्हटलं की ह्या दिवाळीत बाजारात."

माझी रीत त्यांनी जशीच्या तशी उचलली, फक्त तिचं तोंड फिरवलं. शेंगदाण्याएवढं यंत्र कानात बसायचं, नाव 'साथ'. तुमचा श्वास लांबायला लागला की त्याला कळायचं, आता हा माणूस अडणार. आधीच्या वाक्यावरून ते पुढचा शब्द ताडायचं आणि कानात हळूच सांगायचं, तेही तुमच्याच आवाजात. आपल्याच आवाजातला शब्द मेंदू परका मानत नाही. आपल्यालाच आठवलं असं वाटतं. समोरच्याचा आवाज ओळखून ते त्याचं नावही सांगायचं. लग्नकार्यात नातेवाइकांची नावं विसरणाऱ्या माणसांना हे वरदानच होतं.

सुरुवातीला एक अडचण आली. शब्द लगेच दिला तर बोलणं पाठ केल्यासारखं वाटे. म्हणून शब्दाआधी नेमका किती थांबा ठेवायचा ते मी महिनोन्‌महिने प्रयोग करून ठरवलं. पेट्यांवर नाव कंपनीचं असलं तरी तो थांबा माझा होता.

साथ तुफान चाललं. वर्गात मास्तर घालू लागले, सभेत पुढारी, भिशीला जाताना माझी आई. "एकपण नाव चुकले नाही गं मी," आई फोनवर सांगायची. मला पहिल्यांदाच वाटलं की मी काहीतरी धड केलं. माणसं जरा आळसावली हेही खरं. यंत्र काढलं की बिनआजाराचे लोकसुद्धा 'ते हे' करायला लागले. पण चष्म्याची सवय लागते तशी ही लागली, असं आम्ही म्हणायचो.

पुढे त्या आजारावर औषध आलं. गेलेले शब्द ते परत आणत नसे, पण अगदी सुरुवातीला मिळालं तर आजाराला तिथंच रोखून धरायचं. इस्पितळं पेशंटची वाट बघत बसली, आणि पेशंट आले ते सगळे उशिरा. अडखळणं हीच त्या आजाराची पहिली खूण, आणि अडखळणं तर आम्ही देशातून हद्दपार केलेलं. मी ऋग्वेदला सांगितलं की यंत्राला थांबे कळतातच, वाढले तर निदान माणसाला सावध तरी करू या.

"त्या दिवशी आपण वैद्यकीय यंत्र होऊ," तो म्हणाला. "आपण सोय आहोत, समृद्धी."

मीही फार ताणून धरलं नाही. हाताखाली माणसं होती, काम पुढे चाललं होतं.

मग कंपनीनं म्हाताऱ्या माणसांची मराठी बोली साथला नीट कळावी म्हणून विद्यापीठातली जुनी रेकॉर्डिंगं विकत घेतली. त्यांत आमच्या विभागाचीही होती. नावं नव्हती, आवाज होते. बोलणाऱ्याचा शोध घ्यायचा नाही, अशी करारातली अट होती. मी अट वाचली, सही केली आणि सगळ्यात आधी नि-अकरा लावला. मला त्या पेंगुळ्याचा आवाज एकदा ऐकायचाच होता.

"हा आठवडी बाजार. डावीकडे एक बाई बसलीय... तिच्यापुढं... वांगी आहेत. हातात... तराजू."

ज्या आवाजानं मला लहरींचं गणित शिकवलं तो आवाज मी ओळखणार नाही? तरी मी स्वतःला म्हटलं, कोल्हापूरकडचा कुणीही असेल. मग शेवटचा प्रश्न आला, एका बाईच्या आवाजात. "समोर कोण बसलंय?"

श्वास लांबला. मला तो आता नुसत्या कानानं मोजता येत होता.

"पद्मा," सर म्हणाले. "माझी बायको." आणि दोघंही हसली.

निरोगी एक कमी पडत होता म्हणून सर स्वतः बसले होते, आणि काकूंना त्यांनी बटण दाबायला बसवलं होतं. दिव्याखालीच अंधार होता. माझी रीत चुकली नव्हती. तिनं एका आजारी माणसाला आजारीच म्हटलं होतं, तेही कुठल्याही डॉक्टरच्या कितीतरी आधी. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्या दिवशी माझ्यासमोर चष्मा पुसणाऱ्या माणसाकडे मी दहा वेळा बघितलं असेल, आणि मला दिसला होता तो फक्त ठिपका.

औषध आठवलं. मी तिथल्या तिथं फोन लावला.

"बोल की, कोष्टी!" सरांनी इतक्या वर्षांनी पहिल्याच घंटेला उचलला. "खुळे, आठवण झाली होय तुला?" मग ते बोलत सुटले. परसातल्या अबोलीबद्दल, नातवाच्या कुरळ्या केसांबद्दल, गल्लीत आलेल्या वानरांनी फोडलेल्या टाकीबद्दल. एक शब्द अडला नाही. माझा जीव भांड्यात पडला. माझी रीतच चुकली असेल, रेकॉर्डिंग खराब असेल, काहीही असेल.

फोन ठेवता ठेवता मला जाणवलं, सर असे कधी बोलत नसत. ते कुठं घाई करत, कुठं वाक्य टांगून ठेवत. आत्ताचे त्यांचे सगळे थांबे सारखे होते, एका मापानं कापल्यासारखे. आणि ते माप माझं होतं.

मी ऋग्वेदकडे रजा मागितली. कुठं जातेय तेही सांगितलं.

"करार वाचलायस ना?" त्यानं विचारलं.

"वाचलाय," मी म्हणाले आणि कोल्हापूरची गाडी पकडली.

दार काकूंनी उघडलं. "ये गं बाळ, ये की आत. किती वाळलीस!" सर व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. केस पिकले होते, बाकी तेच.

"बस, कोष्टी. पद्मा, हिला थालीपीठ कर. पुण्यात काय मिळतंय ह्यांना?" सर म्हणाले.

मी खुर्ची त्यांच्यासमोर ओढली. "सर, ते कानातलं काढता का जरा?"

त्यांचा चेहरा उतरला. काकू आत जाता जाता थांबल्या. "असू दे की गं," त्या हळूच म्हणाल्या. "ते असलं की बोलत्यात बघ. नसलं की दिवसच्या दिवस गप्प."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग यंत्र काढून टीपॉयवर ठेवलं.

सर काहीतरी बोलायला गेले, हात हवेत फिरला, पण शब्द आला नाही.

"नि-अकरा मी ऐकला, सर," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "मीच... बसलेलो. तू ते दाखवलंस ना. ते... ते..." त्यांनी बोटानं हवेत टिंब दिलं.

"ठिपका," काकू म्हणाल्या. सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. शब्द सुचवायचा नाही, हा नियम त्यांच्यात अजून शाबूत होता.

"त्याच दिवशी कळलं. तुझं... बरोबर होतं."

"मग सांगितलं का नाही?" माझा आवाज चढला. "मी दारोदार फिरत होते, सर!"

सर बराच वेळ शोधत राहिले. मिळेल तेवढं जोडून म्हणाले, "सांगितलं असतं... तर मीच मला इकडनं तिकडं घालायचं. तुझं छान दिसावं म्हणून. लोक म्हणाले असते... बघा, हिच्या... हिच्या..." त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

हिच्या गाइडनंच निकाल जुळवून आणला. पटण्यासारखं होतं. निकाल बघून झाल्यावर ठिपका हलवणं त्यांना जन्मात जमलं नसतं.

"हे खरं कारण आहे, सर?"

"खरं आहे," ते म्हणाले. "पण नंतरचं. आधी... भ्यालो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. या माणसाला मी आठ वर्षं अहंकारी म्हणत होते.

मग काकूंनी उरलेलं सांगितलं. औषध आल्याची बातमी वाचून त्यांनीच सरांना मोठ्या डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टरांनी वस्तू दाखवून नावं विचारली आणि सरांनी सगळी सांगितली, एकही चुकलं नाही. वय झालंय, बाकी काही नाही, असं सांगून डॉक्टरांनी परत पाठवलं. यंदा पुन्हा नेलं तोवर औषधाचा उपयोग संपलेला होता.

"तेव्हा हे कानात होतं?" मी यंत्राकडे बोट केलं.

सरांनी होकार दिला. "परत भ्यालो," ते म्हणाले. आणि जरा वेळानं, माझी समजूत घालावी तसं, "तुझं आहे म्हणून... घेतलं होतं. पहिल्याच दिवशी."

मला हुंदका आवरेना. आजार मी सगळ्यांआधी ओळखला होता आणि डॉक्टरांपासून तो मीच लपवला होता. काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि मला त्याचीच लाज वाटत होती.

सर उठून आत गेले. परत आले तेव्हा हातात बाजाराचं ते जुनं चित्र होतं, कडा कुरतडलेलं. ते त्यांनी स्वतःच्या मांडीवर ठेवलं आणि माझ्या फोनकडे बोट केलं.

"कर," ते म्हणाले. "आता मला... बरोबर तिकडं घाल. मग छाप. ह्याचं पण लिही." ह्याचं म्हणजे टीपॉयवरच्या यंत्राचं. "लपवतंय म्हणून."

"हे छापलं तर मला कंपनी सोडावी लागेल, सर."

त्यांच्या ओठांवर ते जुनं खोचक हसू आलं. "सोड की," ते म्हणाले.

मी फोन रेकॉर्डिंगला लावला. टीपॉयवरचं यंत्र प्रत्येक थांब्याला बारीक कुजबुजत होतं. रेकॉर्डिंगमध्ये ते नको म्हणून मी ते उचलून मुठीत धरलं.

"ही... बसलीय," सर चित्राकडे बघून सांगू लागले. "हिच्यापुढं ते आहे... आपण खातो. जांभळं असतंय. हातात..." त्यांचे दोन्ही तळवे आळीपाळीनं वरखाली झाले. शब्द आला नाही. मी थांबले. काकूंनी पदर तोंडात धरला होता. ते पुढच्या माणसाकडे वळले, मग बैलाकडे, मग झाडाकडे. सगळा बाजार त्यांनी असा फिरून काढला, एकाही वस्तूचं नाव न घेता, आणि कुठंही गाळलं नाही.

शेवटचा प्रश्न राहिला होता. तो विचारायलाच हवा होता.

"सर, समोर कोण बसलंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कोण ते त्यांना पक्कं माहीत होतं, चेहऱ्यावर दिसतच होतं. आधी स्वतःच्या छातीवर हात ठेवून ते म्हणाले, "अकरा." मग माझ्याकडे बोट करून "तू..." म्हणाले आणि अडले.

मुठीतलं यंत्र पुटपुटलं. मी चाचपून बटण दाबलं, बंद झालं का ते ऐकायला मूठ कानाशी नेली आणि आत सर बोलले. जुने, वर्गातले, फळ्याकडून वळून हाक मारणारे सर.

"कोष्टी."

समोर सरांचे ओठ हलत होते, शोधत होते.

"कोष्टी," यंत्र पुन्हा म्हणालं.

मी मूठ घट्ट मिटली. सरांना शब्द सुचवायचा नव्हता. रेकॉर्डिंग चालू होतं, आणि ते शोधत होते तोवर मी थांबले.